डुप्लिकेट रेकॉर्डीवरची बाई

आमच्या धाराशिवकडच्या बेंबळीत आणि आसपासच्या गावांत लेक सासरी निघाली की बायका एक गाणं म्हणतात. गाणं सिनेमातलं, जुनं, सगळ्या महाराष्ट्राला पाठ. पण आमच्याकडच्या बायका शेवटच्या कडव्यात एके ठिकाणी थांबतात. ओळ अर्धी होते, आवाज गळ्यात अडकतो, क्षणभर काहीच नाही, आणि मग उरलेली अर्धी ओळ. तिथं नवरीची आई हमखास पदर डोळ्याला लावते. बँडवालेसुद्धा त्या जागी क्लॅरनेट तोंडातून काढतात. मूळ गाण्यात असला काही थांबा नाही. मोबाईलवर ऐका, ती मोठी गायिका एका दमात ओळ म्हणून मोकळी होते. पुण्याकडून बदलून आलेल्या एका मास्तरांनी एकदा हे आमच्या बायकांना समजावून सांगायचा आगाऊपणा केला. बायका म्हणाल्या, "मास्तर, तुमच्याकडं चुकीचं म्हणत असत्याल."

ह्याला कारण माझे काका. काकांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर, ट्रकची बॅटरी आणि रेकॉर्डी वाजवायचा चेंजर, एवढं सामान बैलगाडीत घालून ते लग्नाच्या घरी जायचे. भोंगा गावातल्या सगळ्यात उंच लिंबाला बांधायचा आणि त्याचं तोंड वऱ्हाड येणार त्या रस्त्याकडं करायचं. वऱ्हाड शिवेवर आलं की गाणं ऐकू गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्याही मांडवात पाय ठेवायच्या आधीच रुसायचा, आणि तो राग निघायचा काकांवर.

आता आमच्याकडची धूळ तुम्हाला माहीत असेल तर असेल. उन्हाळ्यातल्या लग्नसराईत रेकॉर्डीवर धुळीचा थर बसायचा, आणि चेंजरची सुई त्यातून नांगरासारखी जायची. नामांकित कंपनीची महागाची रेकॉर्ड एका हंगामात खरखरायला लागायची. मग काका सोलापूरच्या दुकानातून डुप्लिकेट आणायचे. मुंबईत स्वस्तातल्या कंपन्या होत्या. सिनेमातलं गाणं गाजलं की त्या तेच शब्द, तीच चाल, कुणातरी नव्या पोरीकडून गाऊन घ्यायच्या, मागं चार वाजवणारे बसवायच्या आणि रेकॉर्ड बाजारात सोडायच्या. तिच्यावर सिनेमाचं नाव ठळक असायचं. गाणारीचं नाव कुठंच नसायचं.

लोक काही कमी नव्हते. नवऱ्या मुलीचा मामा नाहीतर चुलता मुद्दाम चेंजरपाशी येऊन विचारायचा, "ओरिजिनल हाय ना? न्हायतर बिदागी कापीन." काका मग कव्हर पुढं करायचे. कव्हर ओरिजिनलच असायचं, नटीचा फोटो, मोठ्या गायिकेचं नाव, सगळं. आत डुप्लिकेट. पहिली घासून गेली की तिच्या कव्हरात दुसरी सारायची, ही काकांची पद्धत. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. पण भोंग्यातून बाहेर पडताना सोनं काय आणि कथील काय, सगळं सारखंच किंचाळायचं. मामा कव्हर बघून खूश होऊन जेवायला जायचा.

त्या काळी आमच्या भागात घरोघरी रेडिओ नव्हते. गाणं म्हणजे काकांच्या भोंग्यावर वाजेल ते. अशा रीतीनं आमच्या सगळ्या गावांनी पाठवणीचं ते गाणं डुप्लिकेट रेकॉर्डीवरूनच पाठ केलं, थांब्यासकट.

काकी लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. माहेर सोलापूरचं. वडील गिरणीत, भाऊ मेळ्यात पेटी वाजवायचा. काकी आल्या त्याच हंगामात आमच्या गल्लीत एक लग्न निघालं. काकी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. लिंबावरच्या भोंग्यातून पाठवणीचं गाणं सुरू झालं आणि त्यांचा हात थांबला. माझी आई त्यांची थोरली जाऊ. तिला त्या म्हणाल्या, "बाई, हे गाणं म्या म्हणलंय."

आई म्हणाली, "व्हय, आन सिनेमात नाचलीया ती मी. भाकरी करपली बघ."

काकींनी सगळं सांगितलं. भावानं लग्नाआधी त्यांना मुंबईला नेलं होतं. एका माडीवरची खोली, भिंतींना घोंगड्या टांगलेल्या. आवाज येतो म्हणून पंखा बंद, घामाच्या धारा. दोन गाणी म्हणायची होती. एक हे, आणि रेकॉर्डीच्या दुसऱ्या बाजूला एक लावणी. हे गाणं शेवटच्या कडव्यात आलं आणि काचेपलीकडं बसलेल्या भावाला डुलकी लागली. मान खाली आली आणि त्याची टोपी पुढच्या सायबाच्या चहात पडली. काकींना हसू फुटलं. त्यांनी ते गिळलं आणि पुढची ओळ धरली. पुन्हा म्हणू का, असं त्यांनी विचारलं, तर सायब टोपी पिळत म्हणाला, "चालतंय, एवढं कोण ऐकतंय?"

ही हकीकत ऐकून तर कुणाचाच विश्वास बसेना. ज्या जागेवर गावंच्या गावं रडतात, त्या जागेवर ही बाई म्हणे हसत होती! उचलली जीभ लावली टाळ्याला. साक्षीला भाऊ असता तर गोष्ट वेगळी, पण तो काकींच्या लग्नानंतर लगेच काविळीनं गेला होता. काकी नवऱ्याला म्हणाल्या, "मला रेकॉर्ड दाखवा." काकांनी कव्हर दाखवलं. कव्हरावर मोठ्या गायिकेचं नाव. मग काय, पुरावाच झाला! काकी म्हणाल्या, "आतली दाखवा. दुसऱ्या बाजूला माझी लावणी असंल." काका म्हणाले, "ती बाजू कंपनीकडनंच खराब आलीया, वाजत न्हाय. आन हात लावू नगं, रेकॉर्डीला हाताचं तेल लागतं." सामानाच्या खोलीला कुलूप असायचं आणि बायकांनी तिथं जायचं नाही असा घरचा रिवाजच होता.

पुढं ती आमच्या घरात म्हणच पडली. कुणी मोठ्या गप्पा मारायला लागलं की दुसरा म्हणायचा, "व्हय व्हय, आन गाणं काकीनं म्हणलंय." गावात कुणीतरी त्यांना 'थापाडी सोलापूरवाली' म्हणालं आणि ते नाव चिकटलं. विहिरीवर, गिरणीत, बाजारात, सगळीकडं तेच. काकांना कुणी विचारलं की ते "असंल, असंल" म्हणायचे आणि वायर गुंडाळायला लागायचे. काकींनी हळूहळू बोलायचं सोडलं. पण भोंग्यावर ते गाणं लागलं की त्या हातातलं काम खाली ठेवायच्या आणि संपलं की परत उचलायच्या. कुणाकडं बघायच्या नाहीत. मला लहानपणी त्याचं हसू यायचं, सगळ्यांनाच यायचं.

मग कॅसेटी आल्या, सीड्या आल्या, आणि धंदा काकांकडून माझ्याकडं आला. आता माझ्याकडं असले बॉक्स आहेत की वाजवले तर गल्लीतल्या म्हशी दूध चोरतात. पोरांना तेच लागतं. मी कानात कापूस घालून बसतो आणि मनातल्या मनात शिव्या देतो. काकांच्या रेकॉर्डी गोण्यांत बांधून माळ्यावर टाकलेल्या होत्या. मागच्या दिवाळीत पुण्याहून एक गृहस्थ आले, जुन्या रेकॉर्डी गोळा करणारे. हल्ली ह्या लोकांचं पेव फुटलंय. त्यांनी पांढरे हातमोजे घातले आणि एकेक कव्हर उघडून बघायला लागले. थोड्या वेळानं वैतागून म्हणाले, "अहो, कव्हर एक आणि आत भलतंच! ही सगळी कव्हर व्हर्जन्स आहेत. ह्यांना कुणी विचारत नाही."

बाजेवर पडल्या पडल्या काका म्हणाले, "आमाला लई जणांनी विचारलं."

त्या गृहस्थांनी ज्या काही ओरिजिनल होत्या तेवढ्या वेचून नेल्या. डुप्लिकेट तशाच राहिल्या आणि मी त्या परत माळ्यावर चढवल्या.

संक्रांतीनंतर काकींचा आवाज बसला. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, काढे झाले. आवाज काही सुटेना. धाराशिवच्या डॉक्टरांनी सोलापूरला पाठवलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं, की आवाजाच्या पडद्यावर गाठ आहे, काढावी लागेल, उशीर करू नका. काढल्यावर आवाज किती राहील, राहील की नाही, ते आत्ता सांगता येणार नाही. तोवर कमीत कमी बोलायचं.

परत येताना काकी तुळजापूरपर्यंत गप्प होत्या. मला वाटलं, घाबरल्या असतील. मीच घाबरलो होतो. आई गेल्यापासून घरात मला नावानं ओरडून हाक मारणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं. तुळजापूर मागं पडल्यावर त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "आरं, मला ते गाणं एकदा ऐकायचंय."

मी खिशातून मोबाईल काढला. "हे घ्या, आत्ता लावतो."

"ते न्हाय. ते त्या बाईचं. माझं लाव. रेकॉर्डीवरचं. आन ह्येंच्या समोर लाव." मग म्हणाल्या, "आवाज जायच्या आधी एकदा ह्येंनी म्हणावं, व्हय, तुझाच हाय. बाकी कुणी म्हणू न्हायतर न म्हणू."

इतक्या वर्षांत त्यांच्या मनातून ते गेलं नव्हतं, आणि आम्ही ती म्हण करून पार बोथट करून टाकली होती. मला मनापासून वाईट वाटलं. घरी पोचल्या पोचल्या मी माळ्यावर चढलो.

माझी बायको खालून टॉर्च धरून उभी होती आणि तोंडाचा पट्टा चालू होता. "काखेत कळसा आन गावाला वळसा! बाई घरात, गाणं माळ्यावर, आन तुम्ही सगळे शहाणे हसत बसलात." मी म्हटलं, "उजेड नीट धर आधी." कव्हरांचा काही भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येक रेकॉर्ड बाहेर काढून बघावी लागत होती. भक्तिगीताच्या कव्हरात कव्वाली, कव्वालीच्या कव्हरात तमाशा. काही उन्हानं पापडासारख्या वाकल्या होत्या. शेवटी सापडली. एक नाही, तीन सापडल्या. एक घासली की काका दुसरी आणत होते. तिन्हींवर त्या स्वस्त कंपनीचं तेच चिठोरं, एका बाजूला आमचं पाठवणीचं गाणं आणि दुसऱ्या बाजूला लावणी. गाणारीचं नाव अर्थातच नाही.

मी लावणीची बाजू उजेडात धरली. तिच्यावर मधल्या भोकापासून काठापर्यंत खिळ्यानं ओढलेली फुली होती. दुसरी बघितली. तिच्यावरही फुली. तिसरीवरही. कंपनीकडून खराब माल येतो हे खरं, पण तीनदा आणि तोही फुली मारून येत नाही. माझं डोकं सणकलं. बायकोनं विचारलं काय झालं, तर मी नुसत्या रेकॉर्डी तिच्या हातात दिल्या.

काकांचा चेंजर कधीच भंगारात गेला होता. सोलापुरातल्या एका ओळखीच्या रिपेअरवाल्याकडून मी दुसरा मागून आणला आणि रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सोप्यात लावला. काका खुर्चीत, काकी खाली भिंतीला टेकून, मी आणि बायको चेंजरपाशी. त्यातल्या त्यात बरी रेकॉर्ड निवडून मी सुई ठेवली.

आधी खरखर, मग पेटी, मग आवाज. भोंग्यातून ऐकलेला आवाज आणि हा आवाज ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. पातळ, थोडा नाकातला, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीचा. ओळ संपताना तो किंचित वर उचलला जायचा. बायकोनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! काकी परसातनं शेळीला हाक मारतात तसंच की हो हे!" आणि खरंच, तंतोतंत तसंच होतं. मीही रोज ती हाक ऐकत आलो होतो. काकी रेकॉर्डीकडं बघतच नव्हत्या, त्या काकांकडं बघत होत्या. काका चेंजरकडं बघत होते. थांबा आला तेव्हा काकी हळूच "टोपी" म्हणाल्या आणि हसल्या.

गाणं संपलं. काकी म्हणाल्या, "उलटी कर."

मी रेकॉर्ड उलटी करून त्यांच्या हातात दिली, बाकीच्या दोनही दिल्या. त्यांनी फुलीवरून बोट फिरवलं, एकीवरून, मग दुसरीवरून, मग तिसरीवरून. "खिळ्यानं केलंय कुणीतरी," त्या म्हणाल्या.

मग काका म्हणाले, "म्या."

"तुमी? का?"

"तुझा आवाज मला पैल्याच हंगामात कळला हुता. तू चुलीपुढं गुणगुणायचीस. मला कळणार न्हाय व्हय? धंदाच आवाजाचा माझा." काका अजून चेंजरकडंच बघत होते. "पाठवणीचं गाणं चांगलं हुतं, ते वाजवलं. पर ती लावणी भोंग्यावर गेली असती आन कुणी वळखली असती, तर? आमचे वडील हुते तवा. जत्रंत लोक म्हणले असते, स्पीकरवाल्याची बायकू लावणी म्हणती, आणा तिला तमाशाच्या बोर्डावर. मी कुणाकुणाच्या तोंडाला लागलो असतो?"

"लावणीचं ऱ्हाऊ द्या. पाठवणीचं गाणं तरी माझं हाय, एवढं सांगितलं असतं."

"एक सांगितलं की दुसरं निघतं."

"आन मला थापाडी म्हणले ते? तुमी बी हसलात."

"मी हसलो न्हाय. मी असंल म्हणलो."

आता मात्र माझा तोल गेला. वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढवायचा नाही हे मला कळतं, पण मी म्हणालो, "काका, हा काय न्याय झाला का? जन्मभर ह्यांचा आवाज सगळ्या मुलखाला ऐकवलात, आणि ह्यांना खोटं पडू दिलंत?" बायकोनं माझा सदरा ओढला. काकी उठल्या, तिन्ही रेकॉर्डी पदराखाली घेतल्या आणि आत गेल्या.

त्या दिवसापासून त्यांनी काकांशी बोलणं टाकलं. डॉक्टरांनीच कमी बोला म्हणून सांगितलेलं, त्यामुळं आल्या-गेल्याला वाटायचं पथ्य चाललंय. आम्हाला फरक दिसत होता. माझ्याशी, बायकोशी त्या हातवारे करून बोलायच्या, काकांशी हातवारेही नाहीत. चहाचा कप त्यांच्यापुढं असा आपटायच्या की बशीत निम्मा चहा. काका बशीतला पिऊन घ्यायचे.

ऑपरेशनची तारीख जवळ आली. पिशवी भरा म्हटलं तर काकी भरेनात. मी समोर बसून विचारलं, काय मनात आहे तुमच्या? त्या म्हणाल्या, "ह्येंनी माईकवर सांगावं. चार माणसांत. मग येते."

"काकी, त्यांनी घरात कबूल केलंय की. हट्ट करायची ही वेळ आहे का?"

"मला थापाडी घरात म्हणलं का गावात?"

मी काकांकडं गेलो, तर तिथं निराळाच डोंगर. काका म्हणाले, "ह्या वयात लोकांपुढं बायकूचं नाव घिऊ? येडा झालास काय?" आणि हे काही ते नुसतं सबबीखातर म्हणत नव्हते. काकांनी जन्मात काकींचं नाव उच्चारलं नव्हतं. 'ऐकलं का', 'अगं ये', 'घरात सांग', असंच चालायचं. स्वतःच्या लग्नात घास भरवताना बायकांनी नाव घ्या, नाव घ्या म्हणून अडवलं, तेव्हा त्यांनी एवढा मोठा ठसका आणला की लोक पाणी घेऊन धावले, हे आई नेहमी सांगायची. माईकपुढं हा माणूस राजा. पाकीट हरवलंय, वऱ्हाडी मंडळींनी पंगतीला बसून घ्यावं, नवरदेवाच्या मामांनी मांडवात यावं, सगळ्या जगाची नावं त्यांनी भोंग्यावरून पुकारली. तेवढं एक सोडून.

मी चिडून उठलो. तर माझी बायको दारातून शांतपणे म्हणाली, "काका, त्या नाही गेल्या तर गाठ वाढंल. मग आवाजाचं सोडा, माणूसच हाताला लागायचं न्हाय. तुम्हाला चालतंय का?"

काका बराच वेळ भिंतीकडं तोंड करून बसले. खांदे हलत होते. मी काकांना रडताना कधी बघितलं नव्हतं, म्हणून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं त्यांनीच हाक मारली. "वाशीचं लगीन कवा हाय?"

आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात. साऊंड माझाच. बेंबळीची निम्मी भावकी आणि शेजारीपाजारी दोन टेम्पो भरून आले होते. मंगल कार्यालयात अक्षता पडल्या, पंगती उठल्या. पाठवणीच्या आधी मी चेंजर मिक्सरला जोडला, काकींकडून मागून घेतलेली रेकॉर्ड त्यावर ठेवली आणि काकांच्या हातात माईक दिला. फेटा बांधलेले काका स्टेजच्या कडेला उभे राहिले. सवयीनं आधी माईकवर फुंकर मारली. "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग." म्हातारी माणसं हसली. पोरांना काय, त्यांनी मोबाईल वर केले.

"मंडळी," काका म्हणाले, "आता जे गाणं लागंल ते तुमी समद्यांनी आमच्या भोंग्यावर ऐकलंय. ते सिनेमातल्या बाईनं म्हणल्यालं न्हाय. ती डुप्लिकेट रेकॉर्ड हाय. म्या तुमाला ओरिजिनल म्हणून वाजवली." सगळीकडं हशा पिकला. एक म्हातारा ओरडला, "बिदागी परत द्या मग!" काका हसले नाहीत. "ते गाणं जिनं म्हणलंय ती बाई... ती बाई हितंच बसलीया. खरं बोलत हुती. आपण समद्यांनी तिला खोटं पाडलं, आन मी सगळ्यात जास्ती."

एवढं बोलून ते अडकले. माईक कपड्याला घासून खसखस आवाज येत होता. मला वाटलं, आता ठसका येतो. बायकांच्या बाजूला काकी मांडी घालून बसल्या होत्या. त्या काकांकडं एकटक बघत होत्या, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. काकांनी डोळे मिटले आणि नाव घेतलं. काकींचं नाव, मग स्वतःचं, मग आमचं आडनाव. रेशन कार्डावर असतं तसं, पूर्ण. त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. माझी बायको तर हुंदके द्यायला लागली. बेंबळीच्या बायका माना वळवून वळवून काकींकडं बघायला लागल्या. "आगं, खरंच व्हय गं?" एकीनं विचारलं. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या.

काकी उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात वर केला. टाळ्या थांबल्या. मोठ्यानं बोलायचं नाही असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलेलं. फाटलेल्या, घोगऱ्या आवाजात, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "तसं न्हाय. गायले तवा माझं लगीन झालं नव्हतं. माझ्या बापाचं नाव लावून सांगा."

काका त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी फेटा नीट केला, माईक तोंडाशी धरला आणि काकींचं नाव घेतलं, त्यांच्या वडिलांचं घेतलं, माहेरचं आडनाव घेतलं, आणि पुढं "राहणार सोलापूर" असंही म्हणाले. मला त्यांनी मानेनं खूण केली. मी सुई ठेवली.

गाणं संपेपर्यंत काकी उभ्याच होत्या. संपल्यावर माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "चल, डॉक्टरला फोन लाव. येते म्हणून सांग."